निळ्या रेषेच्या आत

नाशकात पुराची वार्ता आकाशाकडे पाहून कळत नाही. श्रावणातील एखाद्या सकाळी पंचवटी कारंजावर लख्ख ऊन पडलेले असते, भाजीच्या हातगाड्या लागलेल्या असतात, रस्ता कोरडा ठणठणीत असतो, आणि अशा वेळी रामकुंडाकडून येणारा एखादा गृहस्थ गाडी पुरती न थांबवताच सांगून जातो, की मारुतीच्या कमरेला पाणी लागले. हा मारुती म्हणजे गोदेच्या पात्रात उघड्यावर उभा असलेला दुतोंड्या मारुती. त्याचे पाय बुडाले की घाटावरचे टपरीवाले आपले चंबूगबाळे आवरू लागतात. पाणी छातीशी आले की सराफ बाजारात आणि भांडीबाजारात दुकानांची खालची फडताळे रिकामी होऊन माल माळ्यावर चढू लागतो. आणि मस्तक दिसेनासे झाले म्हणजे मग कोणी कोणाला काही सांगावयाचे उरत नाही. जलसंपदा खाते विसर्ग क्युसेकात मोजते आणि होळकर पुलाखालची पातळी नोंदविते, हे खरे; पण जुन्या नाशिककराला जो आकडा उमजतो, तो मारुतीच्या अंगावर लिहिलेला असतो. त्याहून मोठ्या संकटाचे माप नारोशंकराच्या घंटेचे. १७४७ साली बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या दर्शनी भिंतीवर वसईच्या विजयाची खूण म्हणून टांगलेली ही पोर्तुगीज घंटा; तिला पाणी लागले म्हणजे महापूर, अशी येथील वहिवाट आहे.

शहरात ऊन आणि नदीला पूर, हे कोडे सोडविण्यासाठी पश्चिमेकडे पाहावे लागते. ब्रह्मगिरीवर, त्र्यंबकच्या खोऱ्यात, शहराच्या अडीच-तीनपट पाऊस पडतो. तो कश्यपी, गौतमी आणि गंगापूर या धरणांत साठतो. गंगापूरचे मातीचे धरण शहराच्या वर दहा-बारा किलोमीटरांवर आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास हाती घेतलेले हे काम १९६५ च्या सुमारास पुरे झाले, आणि मूळ सात अब्ज घनफुटांच्या वर असलेली त्याची साठवण गाळाने भरत भरत आता साडेपाचाच्या आसपास आली आहे. धरण आषाढातच भरू द्यावे, तर श्रावण-भाद्रपदातील पाऊस थेट शहरावर सोडावा लागतो. पुरासाठी जागा राखून ते रिते ठेवावे, आणि पुढे पावसाने पाठ फिरवावी, तर उन्हाळ्यात शहर तहानेने व्याकूळ होते. शिवाय खाली जायकवाडी आहे, मराठवाडा आहे, आणि समन्यायी पाणीवाटपाचा कायदा आहे. जायकवाडीचा साठा पावसाळ्याअखेर पासष्ट टक्क्यांहून कमी भरला, की वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशेब सुरू होतो. दरवाजा किती इंच उचलावयाचा हा निर्णय ज्या अभियंत्याच्या माथी येतो, त्याची झोप कोणत्या प्रतीची असेल याची कल्पना करवत नाही.

२०१६ या एकाच वर्षाने हे दोन्ही टोकांचे चित्र दाखविले. त्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले. जेथे अस्थिविसर्जनासाठी साऱ्या हिंदुस्थानातून माणसे येतात, तेथे पायऱ्यांखालचा तळ उघडा पडला आणि यात्रेकरूंच्या स्नानासाठी पाण्याची वेगळी तजवीज करावी लागली. त्यानंतर चारच महिन्यांनी, २ ऑगस्ट रोजी, त्याच रामकुंडावरून गोदावरी अशी धावली की मारुती जवळजवळ दिसेनासा झाला. हवामानबदल या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला नाशिककराने याहून निराळे उदाहरण देण्याचे कारण नाही.

गेल्या काही वर्षांत या शहराच्या कारभाऱ्यांनी हवामान, घरे आणि आपत्तीत तग धरण्याची तयारी या तीन मथळ्यांखाली जे ठराव केले, जे नकाशे रंगविले आणि ज्या नोटिसा बजावल्या, त्यांचा माग काढीत हिंडत असता माझी पावले दर खेपेस नदीकाठाकडे वळत. शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनात हे तीन विषय तीन निरनिराळ्या खात्यांच्या कपाटांत बंद आहेत. नदीकाठी मात्र ते एकाच भिंतीला टेकून उभे असतात.

त्या भिंतीवर एक अदृश्य रेषा आहे. १९ सप्टेंबर २००८ च्या पुराने जुने नाशिक हादरले. १९६९ चा महापूर पाहिलेल्या वृद्धांनाही त्या दिवशी आपली आठवण पुन्हा तपासून पाहावी लागली. त्यानंतर पाटबंधारे खात्याने गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पूररेषा आखल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची ती लाल. नियम साधा आहे. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील भूमी मोकळी ठेवावी, तेथे नवे बांधकाम नको. जुनी अधिकृत मिळकत पाडून पुन्हा बांधावयाची झाल्यास तिचे जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवे. २०२० च्या डिसेंबरात बहुतेक साऱ्या राज्यासाठी जी एकत्रित बांधकाम नियमावली मंजूर झाली, तिच्यातही हे कलम आहे. कागदावर रेषा उमटली त्या दिवशी गावठाणातील कित्येक पेठा, शेकडो वाडे, मंदिरे, दुकाने आणि नदीकाठच्या वसाहती निळ्या रंगाच्या आत गेल्या, आणि तेव्हापासून या शहरात ‘तुमचे घर निळ्यात का लालात?’ हा प्रश्न गोत्र विचारावे तितक्या सहजपणे विचारला जातो.

या रेषांचे गणित मात्र सहसा कोणी समजावून सांगत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ लोक असा घेतात, की एकदा पूर येऊन गेला, आता पुढली पंचवीस वर्षे निर्धास्त. वस्तुतः त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार इतकी शक्यता, आणि ही शक्यता गेल्या वर्षीचा पूर विसरून दर जून महिन्यात नव्याने उभी राहते. हिशेब केला तर निळ्या रेषेवर राहणाऱ्या माणसाला पंचवीस वर्षांत निदान एकदा तरी घरात पाणी पाहावे लागण्याची शक्यता शंभरात चौसष्टांच्या घरात जाते. तीस वर्षांच्या कर्जावर लाल रेषेलगत सदनिका घेणाऱ्याची तीच शक्यता शंभरात सव्वीस आहे. बँकेच्या कागदपत्रांत ही संख्या कोठेही छापलेली नसते. आणि हे सारे गणित गतकाळातील पर्जन्याच्या नोंदींवर उभे आहे. पावसाची चाल बदलली, चार दिवसांचे पाणी चार तासांत कोसळू लागले, तर रेषा कागदावर राहते आणि नदी आपली वाट बदलते. २००८, २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९, असे तीन मोठे पूर अकरा वर्षांत येऊन गेले. ज्या नगरीत राज्याची धरणसुरक्षा संघटना, ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना दिंडोरी रस्त्याच्या एका अंगाला नांदतात, त्या नगरीला या रेषा नव्या पावसाशी ताडून पाहण्यासाठी दूर देशीचा सल्लागार बोलवावा लागू नये, असे मला वाटते.

पूर्वजांनी आपली निळी रेषा पायांनी आखली होती. नाशिक नऊ टेकांवर वसले, अशी जुनी समजूत आहे. जुनी गढी, कोकणीपुरा, म्हसरूळ टेक, डिंगरआळी, चित्रघंटा ही नावे त्या उंचवट्यांची. ज्याने भांडीबाजारातून चढ चढत गावात जाण्याचा घाम गाळला आहे, त्याला हा भूगोल पुस्तकातून शिकावा लागत नाही. वस्ती टेकांवर, बाजार उतारावर, आणि तीरावर देव, घाट व धर्मशाळा, म्हणजे पाणी आले तरी जे धुऊन पुन्हा वापरता येईल तेच, अशी ती रचना होती. टेकांमधील पाणी नदीत नेणारा सरस्वती नाला पुढे बंदिस्त झाला, त्याच्यावर रस्ता आणि रस्त्यावर सराफ बाजार बसला. आता मोठा पाऊस लागला की दहीपुलाकडून येणारे गावचे पाणी आणि उलट दिशेने घुसणारे नदीचे पाणी यांची भेट नेमकी सोन्याच्या दुकानांपुढे होते. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरभर पावसाळी गटारे झाली. नाल्याने मात्र आपली जुनी सवय सोडलेली नाही.

त्या नऊ टेकांपैकी जी गढ्यांची टेकाडे अमरधामच्या बाजूला नदीवर झुकलेली आहेत, तेथे मी वारंवार गेलो. या टेकाडांच्याच रांगेत, मातीच्या गढीत, १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि सातवाहनांच्याही पूर्वी, ताम्रपाषाणयुगापर्यंत जाणारी वस्ती तेथे उजेडात आली. १९५५ साली त्याचा अहवाल नाशिक आणि जोर्वे या दोन स्थळांच्या नावाने प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा, की या उंचवट्यांवर माणसाने तीन हजार वर्षांहून अधिक काळ चूल पेटविली, मोडली, तिच्या राखेवर पुन्हा पेटविली, आणि हा उंचवटा म्हणजे बऱ्याच अंशी त्या चुलींचाच ढिगारा आहे.

या टेकाडांपैकी काझीच्या गढीवर आजही माणसे राहतात. मोलमजुरी करणारी, बाजारात हमाली करणारी, पेठांतून धुणीभांडी करणारी. नदीने खालून पायथा खाल्ला आहे, आणि दर पावसाळ्यात कडेची माती सुटून तिच्याबरोबर एखादी पडवी, एखादी मोरी, कधी एखादी सबंध खोली खाली जाते. कापलेल्या त्या कड्याकडे खालून पाहिले की राखेचे करडे पट्टे दिसतात, त्यांत खापऱ्या रुतलेल्या, वर विटांचे तुकडे, त्याच्याही वर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि सर्वांत वर, हवेत अर्धवट आलेली, एका घराची फरशी. फरशीच्या कडेशी तुळशीचा डबा होता. एखाद्या पुरातत्त्वज्ञाला हा छेद विनासायास मिळालेला. राहणाऱ्याला मात्र तो रोज सकाळी दार उघडल्यावर दिसतो.

दर ज्येष्ठात येथे महापालिकेची नोटीस येते. धोकादायक अवस्थेतील बांधकाम तत्काळ रिकामे करावे, अन्यथा होणाऱ्या जीवितहानीस व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल, अशा आशयाचा तो मजकूर. पाऊस वाढला की ध्वनिक्षेपक लावलेली गाडी येते, कुटुंबांना जवळच्या शाळेत वा धर्मशाळेत हलविण्यात येते, आणि उघडीप पडली की माणसे परत येतात. एका आजीबाईंना मी विचारले, की इतके भय असता येथेच का राहता? त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नोटीस दरसाल येती, दादा. घर काय येत नाही.” थोड्या वेळाने त्यांनीच पुस्ती जोडली, “आन् आलं तर तिकडं लांब येतं.”

लांब म्हणजे चुंचाळ्याला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाला. गरिबांसाठी घरकुले तेथे उभी राहिली. इमारती पक्क्या आहेत, भिंतीला भिंत आहे, पूर यावयाचा संभव नाही. परंतु जिला सकाळी सहाला पेठेतील चार घरची भांडी घासावयाची आहेत, किंवा ज्याला पहाटे फुलबाजारात पोहोचावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने आठ-दहा किलोमीटर हे अंतर नसून मिळकतीत पडणारी तूट आहे. घर आणि पोट यांच्यामधील अंतर किती असावे, हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही, आणि म्हणून ते कोणत्याही खात्याच्या अखत्यारीत येत नाही. कड्याला संरक्षक भिंत बांधण्याचा विषय कित्येक वर्षे चर्चेत आहे. जागा कोणाची, भिंत कोणी बांधावयाची आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली घालावयाचा, या प्रश्नांनी त्याची वाट अडविलेली आहे.

नोटिशीवर माझा राग नाही. धोक्याची सूचना देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु नोटीस हा निर्णयांतील सर्वांत स्वस्त निर्णय असतो. तिच्यावर सही होताच जबाबदारी देणाऱ्याच्या टेबलावरून घेणाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन पडते, आणि मधली कोणतीच गोष्ट, भाडे, शाळा, बसचे तिकीट, पर्यायी खोली, त्या कागदात मावत नाही. जुन्या नाशकातील वाड्यांचीही हीच कथा. महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमाखाली पावसाळ्यापूर्वी मोडकळीस आलेल्या वाड्यांना सूचना जातात. मालक ती घेतो, भाडेकरूही घेतो, आणि दोघेही जागचे हलत नाहीत. कारण भाडेकरूने खोली सोडली की त्याचा हक्क संपल्यासारखाच, आणि मालकाला चार-दोन रुपयांच्या भाड्यात डागडुजी परवडत नाही. वाडा पाडून नवा बांधावा तर अरुंद बोळ आणि वर निळी रेषा. गावठाणासाठी समूह-पुनर्विकासाची घोषणा इतक्या वेळा झाली आहे, की म्हातारे लोक ती आता पंचांगातील पर्जन्यनक्षत्राच्या वाहनाप्रमाणे ऐकतात: यंदा घोडा, पुढल्या साली बेडूक.

पुराशी झुंजणाऱ्या दुसऱ्या एका देशात, नेदरलँड्समध्ये, या शतकाच्या आरंभी ‘नदीला जागा’ अशा अर्थाच्या नावाने एक मोठी योजना झाली. बांध उंच करीत बसण्यापेक्षा नदीला पसरावयास भूमी द्यावी, असा तिचा आशय. ओव्हरडीप नावाच्या सखल प्रदेशातील शेतकऱ्यांना गाव रिकामे करावे लागणार असे दिसताच त्यांनी स्वतःच आराखडा मांडला: शेते पुराला द्यावीत, आणि बांधाच्या कडेने मातीचे उंच टेक घालून त्यांवर आमची घरे व गोठे पुन्हा बांधून द्यावेत. सरकारने तो मान्य केला. ज्यांना जागा सोडता आली नाही ते टेकावर गेले, आणि ज्यांना जावयाचे होते त्यांना मोबदला मिळाला. हे वाचीत असता मला काझीच्या गढीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. त्यांनी जे नव्याने बांधले, ते आपल्या पूर्वजांनी तीन हजार वर्षांपूर्वी बांधून ठेवले होते. आपण त्याचा पायथा तेवढा सांभाळावयाचा होता. दोन्हींत भेद पैशाचा आहेच, पण त्याआधी भेद असा आहे, की तेथे आराखडा ज्यांची घरे जाणार त्यांच्या तोंडून आला होता.

आपल्याकडे तो कोणाच्या तोंडून यावयाचा? १४ लाख ८६ हजार लोकवस्तीचे, २०११ च्या गणतीनुसार, हे नगर. १२२ नगरसेवकांची त्याची महासभा. २०२२ च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकून निवडणुका लांबत गेल्या, आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. पुढील जवळजवळ चार वर्षे विषय मांडणारा हात आणि त्यावर मंजुरीची सही करणारा हात एकाच व्यक्तीचा होता. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा हुकूम केला, तेव्हा कोठे १५ जानेवारी २०२६ रोजी नाशिककरांनी मतदान केले. असे प्रथमच घडले म्हणावे, तर तेही नाही. १९८२ साली महापालिका स्थापन झाली तेव्हाही पहिली निवडणूक होण्यास १९९२ उजाडले. म्हणजे या संस्थेचे बालपणही प्रशासकाच्याच मांडीवर गेले. प्रशासक वाईट असतो असे नव्हे. काही अधिकारी मोठे कर्तबगार होते, आणि नगरसेवकांच्या सभागृहात काय प्रतीची भाषणे होत हे ज्यांनी प्रेक्षागारातून ऐकले आहे ते त्या काळाची आठवण फार हळवे होऊन काढणार नाहीत. या सभागृहाने इमारतींतील कपाटांचे क्षेत्र बांधकाम क्षेत्रात धरावयाचे की नाही, या ‘कपाट प्रश्ना’वर जितका श्वास खर्च केला तितका पूररेषेवर केला असेल असे वाटत नाही. तरीसुद्धा सभागृहात गढीवरच्या माणसाचा एखादा प्रतिनिधी उभा राहून भिंतीचे काय झाले असे विचारू शकत होता, आणि विषयाला निदान ‘तहकूब’ असा शेरा मिळत होता. रिकाम्या सभागृहात विषय तहकूबही होत नाही.

हवामानासंबंधीचे जे ठराव गेल्या काही वर्षांत गाजले, त्यांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यांत मला थोडकेच आढळले. ‘माझी वसुंधरा’ अभियानाने भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांना गुण देण्यास आरंभ केला. ‘अमृत’ योजनेतील राज्यातील ४३ शहरे, आणि त्यांत नाशिक, कर्बउत्सर्जन शून्यावर नेण्याच्या जागतिक मोहिमेत सामील झाली. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या निधीतून शहराची हवा स्वच्छ करण्याच्या योजना आखल्या गेल्या. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस धावू लागली, आणि माझ्या मते या साऱ्यांत हवेला जर कशाचा प्रत्यक्ष उपयोग झाला असेल तर तो या बसचा.

घरांच्या बाबतीतील नियमाची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१३ च्या अखेरीपासून दहा लाखांवरील शहरांत असा दंडक आहे, की चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर वसाहत उभी करणाऱ्याने वीस टक्के घरे वा भूखंड अल्प उत्पन्न गटासाठी राखून म्हाडाकडे द्यावेत. २०२२ च्या आरंभी तत्कालीन गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी नाशकातील ही घरे गेली कोठे असा जाहीर प्रश्न केला. विधान परिषदेत त्यावर चर्चा झाली आणि आयुक्तांच्या बदलीपर्यंत प्रकरण गेले. भूखंडाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा चार हजारांच्या किंचित आत बसविण्यात येतो, असा आक्षेप घेण्यात आला. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे स्थान हे नव्हे. मला त्या वीस टक्क्यांचा भूगोल महत्त्वाचा वाटतो. गंगापूर रस्त्यावर, इंदिरानगरात, पाथर्डी फाट्यावर, म्हणजे जेथे काम आहे, बस आहे, शाळा आहे, अशा ठिकाणी ही घरे विखरून मिळावयाची होती. ती मिळत गेली असती, तर आजीबाईंना ‘तिकडं लांब’ म्हणण्याची पाळी कदाचित आली नसती. पूररेषेच्या आतील प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने पूररेषेच्या फार बाहेर, एका भूखंडाच्या मोजणीत दडलेले आहे; पण पूरनियंत्रणाच्या बैठकीला नगररचना खात्याची ती फाइल कोणी आणीत नाही.

आणि ज्या रेषेच्या आत गरिबाने वीट ठेवावयाची नाही, त्या रेषेच्या आत शहराने स्वतः काय काय ठेवले? २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत पात्रातील प्राचीन कुंडांचे तळ सिमेंटकाँक्रीटने बांधून काढले. रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, दशाश्वमेध, गोपिकाबाईंचे तास अशी ही कुंडे. त्यांतील कित्येकांना जिवंत झरे होते असे जुने लोक सांगतात. तळ बंद झाल्यावर धरणातून पाणी सोडावे तेव्हा कुंड भरावे, अशी अवस्था आली, आणि २०१६ चे कोरडे रामकुंड पाहिल्यावर त्या काँक्रीटकडे लोकांचे लक्ष नव्याने गेले. गोदाप्रेमींनी न्यायालयाचे दार ठोठावले. काही कुंडांचा तळ फोडून मोकळा करण्याचे काम पुढे स्मार्ट सिटीच्या कामांत करावे लागले. त्याच स्मार्ट सिटीने होळकर पुलाखाली यांत्रिक दरवाजे बसविण्याचे काम हाती घेतले. नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याविषयीची जनहित याचिका तर त्याआधीची, २०१२ सालची. मलनिस्सारण केंद्रे ज्या जुन्या मानकावर उभी राहिली, त्यात शुद्ध केलेल्या पाण्यातील जैविक प्राणवायूची मागणी दर लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालत असे. पुढे हरित लवादाने ती १० वर आणण्यास सांगितले, आणि बांधलेली केंद्रे पुन्हा बांधण्याचा खर्च उभा राहिला.

आता सिंहस्थ पुन्हा दाराशी आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, आणि २०२७ च्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर या तिथींना अमृतस्नाने, म्हणजे ऐन पावसाळ्यात; २०१६ आणि २०१९ च्या पुरांच्या तारखा वर येऊन गेल्या आहेत, वाचकांनी त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. साधुग्रामासाठी कपिला-गोदा संगमाजवळील तपोवनातील सतराशेहून अधिक झाडे तोडण्याचा वा हलविण्याचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरात महापालिकेने जाहीर नोटिशीने पुढे आणला. या वेळी नोटीस घेणारे सारे शहर होते. हरकतींचा पाऊस पडला. विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, वारकरी, अभिनेते सयाजी शिंदे, सारे तपोवनात आले, झाडांना मिठी मारून उभे राहिले, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत पोहोचले. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे कित्येक पट झाडे लावू, अशी आश्वासने मंत्र्यांनी दिली. मला त्या गर्दीतील एक तपशील लक्षात राहिला. लोक बुंध्यांवर हात ठेवून परस्परांना वय विचारीत होते. हे झाड किती वर्षांचे, हे मागच्या सिंहस्थातले का त्याच्याही मागचे. बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वाच्या मधल्या काळात नदीकाठच्या मोकळ्या जमिनीवर आपोआप रान वाढले, आणि पुराचे पाणी मुरवून घेण्याचे काम कोणत्याही ठरावावाचून करू लागले. ज्या शहराने घरे हलविण्याच्या नोटिसा वर्षानुवर्षे मुकाट्याने पाहिल्या, त्याला झाडे हलविण्याच्या नोटिशीने जाग आली. हे मी दोषारोप म्हणून लिहीत नाही. मी स्वतः त्या गर्दीत उभा होतो, आणि काझीच्या गढीवरून तेथे कोणी आले आहे का, हे पाहण्याचे माझ्याही मनात घरी परतल्यावर आले.

त्यानंतर काही दिवसांनी मी पुन्हा गढीवर गेलो. संध्याकाळ होती. खाली अमरधामात एक चिता जळत होती आणि तिचा धूर नदीवरून पंचवटीकडे सरकत होता. आजीबाईंनी ओळखले. बसावयास पाट दिला. खोलीत काही तरी बदलले होते. क्षणभर मला उमगेना. मग लक्षात आले, की पूर्वी कड्याच्या बाजूला असलेला गॅस, त्याच्या शेजारची मांडणी आणि पाण्याचा हंडा आता रस्त्याच्या बाजूच्या भिंतीशी आले होते, आणि जेथे ओटा होता तेथे फरशीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता. दोन खोल्यांचे घर होते ते आता दीड खोलीचे झाले होते. मधल्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती. “तिकडं आता नातवंडांना जाऊ देत नाही,” असे म्हणून त्यांनी चहाचे आधण ठेवले.